तुर्किक लोकांचं पारंपरिक संगीत शिकायचं असेल, तर आधी ‘कोणाचं?’ ते ठरवा

प्रश्न असा आहे: तुम्ही पुण्यात बारा वर्षं ख्याल शिकलात. मध्यंतरी दक्षिण सैबेरियातल्या तुवाचं कंठगायन आणि तुर्कस्तानातल्या अनातोलियाचा साझ, म्हणजे लांब मानेचं तंतुवाद्य, ऐकलात, तेव्हापासून तो नाद डोक्यातून जात नाही, आणि आता तुर्किक लोकांचं पारंपरिक संगीत नीट अभ्यासायचं ठरवलं आहे. आधी मकामांचं, म्हणजे तिकडच्या रागासारख्या स्वरचौकटींचं, शास्त्र वाचावं की सरळ वाद्य घ्यावं, भाषा कोणती शिकावी, घरबसल्या जमेल का, आणि रागसंगीताचा पाया इथे किती कामाला येईल, असं तुम्ही विचारलं आहे. मी सतारीकडून कझाकांच्या दोन तारांच्या दोंबऱ्याकडे गेले, कझाकस्तान आणि किरगिझस्तानात शिकले, आता थोडंफार शिकवतेही. त्यामुळे या सगळ्यावर माझी मतं पक्की आहेत. पण ती सांगण्याआधी मला तुमच्या प्रश्नातली एक गाठ सोडवावी लागेल.

‘तुर्किक’ हे एका भाषाकुलाचं नाव आहे. बॉस्फरसच्या काठापासून सैबेरियातल्या लेना नदीपर्यंत राहणारे तुर्क, अझरबैजानी, तुर्कमेन, उझबेक, कझाक, किरगिझ, उइगुर, तातार, बाश्कीर, चुवाश, तुवन, साखा हे सगळे त्यात येतात. त्यांच्या भाषा एकमेकींच्या बहिणी आहेत, पण संगीत त्या नात्याने चालत नाही. अझरबैजानचा मुगाम (तिथली मकामपरंपरा) इराणच्या दस्तगाह या अभिजात संगीतपद्धतीला जितका जवळचा आहे तितका कझाक दोंबऱ्याला नाही. तुवन गायकाचं खोमेय, म्हणजे कंठगायन, शेजारच्या मंगोल गायकाला आपलं वाटतं, इस्तंबूलच्या माणसाला ते तुमच्याइतकंच परकं असतं. बुखाऱ्यात शशमकोम, म्हणजे सहा मकामांची दरबारी गायकी, गाणारे कलावंत पिढ्यान्‌पिढ्या उझबेक आणि ताजिक अशा दोन्ही भाषांत गात आले, आणि ताजिक ही फारसीच्या कुळातली. तेव्हा ‘तुर्किक संगीत’ असा एकच विषय धरून बसलात, तर वर्षभरात पुष्कळ नावं पाठ होतील आणि हाताला एकही सूर लागणार नाही. एक समाज, त्यातला एक प्रदेश आणि एक वाद्य किंवा एक गानप्रकार धरा. नातं कुठे जुळतं आणि कुठे तुटतं, हे दुसरं वाद्य हातात घ्याल तेव्हा आपोआप कळायला लागेल.

मग निवड कशी करायची? मी विद्यार्थ्यांना आधी भटक्यांचं संगीत आणि वस्तीतल्यांचं संगीत हा फरक ऐकायला लावते. मध्य आशियाचा अभ्यास करणारे बहुतेक जण हाच फरक पायाभूत मानतात. गवताळ पठारांवर आणि डोंगरांत गुरं घेऊन फिरणाऱ्यांचं वाद्य घोड्यावर मावणारं असतं. वाजवणारा एकटा असतो. वाद्यसंगीताला गोष्ट चिकटलेली असते, आणि सुरापेक्षा नादाचा पोत महत्त्वाचा असतो. बुखारा, खिवा, काशगर, शुशा अशा शहरांतलं संगीत दरबारात आणि मैफलींत वाढलं. तिथे मकामांची रचना आहे, उसुल म्हणजे तालचक्रं आहेत, नवाई आणि फुझुली या कवींच्या गझला आहेत, एकामागून एक बांधलेल्या रचनांच्या लांब माळा आहेत. हा फरक देशांच्या सीमांवर पडत नाही, एकाच देशाच्या आतही पडतो. उझबेकिस्तानात बुखाऱ्याचा गायक शशमकोम गातो, आणि दक्षिणेला सुरखानदर्यातला बख्शी, म्हणजे कथागायक, घसा आवळून, आतल्या दाबलेल्या आवाजात, दोंबऱ्यावर ‘अल्पोमिश’चं महाकाव्य सांगतो. दोघेही उझबेकच.

आता तुमच्या रागसंगीताच्या पायाबद्दल. उस्तादासमोर बसून, कानाने ऐकून, हजारदा घोटून शिकायची सवय तुम्हाला आहे. ही फार मोठी शिदोरी आहे, पाश्चात्त्य संगीतशाळेतून आलेल्या विद्यार्थ्याला ती सहसा मिळालेली नसते. ताश्कंदमध्येही शागीर्द हाच शब्द ‘शोगिर्द’ म्हणून वापरतात आणि गुरुशिष्याचं नातं तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही. पण कान मात्र लगेच सा शोधायला लागतो, मग राग शोधायला लागतो. कोणतीही सुरावट ऐकली की ‘हा तर भूप’, ‘ही तर भैरवी’ असं मनात येतं आणि तिथेच ऐकणं थांबतं. पहिले काही महिने हा मोह टाळा. वस्तीतल्या संगीतात स्वरांची तुमची जाण पुष्कळ उपयोगी पडेल, भटक्यांच्या संगीतात ती बराच काळ मध्ये मध्ये येईल.

का ते दोंबऱ्यावरून सांगते, कारण हे वाद्य मला सगळ्यात जवळून माहीत आहे. दोन तारा, लांब मान, बदामासारखं पोकळ शरीर. तारा पूर्वी आतड्याच्या असत, आज बहुतेक जण मासेमारीची नायलॉनची दोरी लावतात. त्यावर वाजणाऱ्या रचनेला कुय म्हणतात. पश्चिम कझाकस्तानात तोक्पे शैली आहे: उजवं मनगट सैल सोडून दोन्ही तारांवर एकदम झपाट्याने मारा करायचा. कुरमानगाझी हे तिकडचं सगळ्यात मोठं नाव, 19 व्या शतकातलं. त्यांची शिष्या दिना नुरपेइसोवा (1861–1955) हिची ध्वनिमुद्रणं आज ऐकायला मिळतात, म्हणजे मधे एकच पिढी आहे. मध्य आणि पूर्वेकडे शेर्त्पे शैली आहे, बोटांनी छेडलेली, गाण्याजवळची, मोकळ्या श्वासाची. तात्तिम्बेत (1815–1862) हे तिथलं नाव. दोन्ही शैलींतला एकेक कुय लागोपाठ ऐकलात तर ही दोन वेगळी वाद्यं आहेत असं वाटेल.

तोक्पे कुय कसा उलगडतो हे समजून घेण्यासारखं आहे. त्याचे टप्पे दोंबऱ्याच्या अंगावरच आखलेले असतात. बास बुइन म्हणजे डोकं, खुंट्यांजवळचा भाग. ओर्ता बुइन म्हणजे मानेचा मधला भाग. मग सागा, म्हणजे मान शरीराला मिळते ती जागा, तिथे कुय शिखरावर पोचतो. मोठ्या रचनांत लहान सागा आणि मोठी सागा अशा दोन पायऱ्या असतात. दर टप्प्यानंतर हात पुन्हा डोक्याकडे परततो. मंद्र, मध्य, तार असा आलाप वाढवत नेणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. पण इथे हात कुठे आहे हीच रचना आहे, आणि दुसरी तार तानपुऱ्यासारखी एका सुरावर थांबलेली नसते, ती सतत सोबत हलत असते. ‘सा कुठे आहे?’ हा प्रश्न मी माझ्या शिक्षकांना विचारायचे तेव्हा ते मला हात कुठे ठेवायचा ते दाखवायचे. उत्तर तेच होतं.

आणि गोष्ट. प्रत्येक जुन्या कुयला गोष्ट असते आणि वाजवण्याआधी ती सांगितली जाते. ‘अक्साक कुलान’ म्हणजे लंगडं रानगाढव, ही सगळ्यात प्रसिद्ध. चंगीझखानाचा मुलगा जोची शिकारीत मारला जातो. ही बातमी जो तोंडाने सांगेल त्याच्या घशात वितळलेलं शिसं ओतीन, असं खानाने बजावलेलं असतं. शेवटी एक वादक येतो आणि काही न बोलता दोंबरा वाजवतो. खानाला सगळं कळतं. बातमी दोंबऱ्याने दिली म्हणून शिसं दोंबऱ्याच्या भोकात ओतलं जातं. हा कुय शिकताना कुठे टापा आहेत, कुठे लंगडणं आहे, कुठे खानाचा प्रश्न आहे हे शिक्षक दाखवत जातात. नुसतं स्वरलेखन घेऊन बसलेला विद्यार्थी तोच कुय अचूक वाजवतो, पण तिथल्या म्हाताऱ्या श्रोत्यांना त्यात काही ऐकू येत नाही. म्हणून माझा नियम आहे: गोष्ट आपल्या शब्दांत सांगता येईपर्यंत कुय शिकून झाला असं धरायचं नाही.

किरगिझ कोमुझवर हे आणखी पुढे जातं. कोमुझ जर्दाळूच्या लाकडाचं, तीन तारांचं, पडदे नसलेलं. वाजवताना उजवा हात हवेत फिरतो, वाद्य खांद्यावर जातं, उलटं होतं. हे हातवारे रचनेचा भाग आहेत, त्यांतूनही गोष्ट सांगितली जाते. म्हणून कोमुझ शिकायला नुसती ध्वनिफीत पुरत नाही, वादक समोर दिसला पाहिजे. मानस महाकाव्य मात्र कोणत्याही वाद्याशिवाय म्हटलं जातं. सायाकबाय कारालायेव (1894–1971) यांच्याकडून उतरवून घेतलेलं मानस पाच लाख ओळींहून मोठं आहे. आणि आयतिश म्हणजे दोन कवींचा समोरासमोरचा, जागच्या जागी रचलेला काव्यसामना, कझाकांत आयतिस. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ज्यांनी ऐकले आहेत त्यांना त्यातली चुरस लगेच कळेल. पण भाषा येत नसेल तर फक्त लोकांच्या हशाचा आवाज ऐकू येतो, तेव्हा आयतिश हा सुरुवातीचा विषय नाही.

तुवाच्या कंठगायनाकडे येते, कारण तुमचा जीव तिथे अडकला आहे. गायक एक खर्ज धरतो आणि तोंडाच्या पोकळीचा आकार बदलत त्या खर्जातले स्वयंभू स्वर एकेक करून वर उचलतो. तानपुरा चांगला लागला की जो गांधार आपोआप ऐकू येतो, तो पाचवा स्वयंभू स्वर. तुवन गायक त्याच्याही वर जातात: 6, 8, 9, 10, 12. खर्ज सा मानला तर पंचम, सा, रिषभ, गांधार आणि पुन्हा पंचम. सातवा आपल्या कोमल निषादाहून उतरलेला असतो, अकरावा शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधे पडतो, आणि गायक ते दोन्ही सहसा वगळतात. त्यामुळे तुमच्या कानाला तिथे भूप भेटणार आहेच. तो भेटला की सोडून द्या. तुवन श्रोता सुरावटीपेक्षा आवाजाचा पोत ऐकत असतो: सिग्यितची शिट्टी, कार्गिराची घरघर, बोरबांगनादिरचं खळाळणं, एझेंगिलेरमधली रिकिबीची लय. या प्रकारांची नावंच सांगतात की वर्गवारी आवाजाच्या जातीवरून केली आहे. वालेंतिना स्युझ्युकेय या तुवन संगीतशास्त्रज्ञ हेच ठामपणे मांडत आल्या आहेत, की हे संगीत स्वरांच्या उंचीवरून मोजायला गेलं की हातातून निसटतं. मला ते शंभर टक्के पटतं.

रोज ख्याल गाणाऱ्याने व्हिडिओ बघून कार्गिरा सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात स्वरतंतूंच्या वरच्या घड्याही कंप पावतात आणि मूळ सुराच्या एक सप्तक खालचा सूर उमटतो. शिक्षक समोर नसेल तर लोक नुसता घसा दाबतात आणि दुसऱ्या दिवशी आवाज बसलेला असतो. त्याऐवजी मोरचंग घ्या. राजस्थानचं मोरचंग, किरगिझांचं तेमिर कोमुझ आणि साखा लोकांचा खोमुस ही एकाच जातीची वाद्यं आहेत, आणि मोरचंग आपल्याकडे सहज मिळतं. त्यावर तोंडाचा आकार बदलून स्वयंभू स्वर शोधायची सवय झाली की कंठगायनाचं निम्मं काम कानाने केलेलं असतं, तेही घशाला धक्का न लावता. याकुत्स्कमध्ये तर खोमुसचं स्वतंत्र संग्रहालय आहे, इतकं ते वाद्य तिथे जिवाभावाचं.

अनातोलियातला साझ, म्हणजे बाग्लामा, हा तुमच्यासाठी कदाचित सगळ्यात मोकळा दरवाजा आहे. तुम्ही गाता, आणि तिथे वाद्य शब्दांना धरून चालतं. पडदे बांधलेले असतात, सरकवता येतात, आणि आपल्या कोमल व शुद्ध रिषभाच्या मधली एक जागा तिथे रोजच्या वापरात आहे. हार्मोनियमवर ती नाही. त्यामुळे या अभ्यासापुरती हार्मोनियम कपाटात ठेवा. ताल 9 चा 2+2+2+3 असा, 7 चा, 5 चा येईल, रूपक आणि झपताल मोजणाऱ्याला त्याची भीती नाही. पण समेवर येण्याचा जो आनंद आपण शोधतो तो तिथे शोधू नका, पायाच्या हालचालीत ताल ऐका. उझुन हावा म्हणजे तालाविना म्हटली जाणारी लांब गाणी, त्यांतला बोझलाक हा प्रकार ऐकलात तर आणखी एक गोष्ट जाणवेल. गायक सगळ्यात वरच्या टोकावरून सुरुवात करतो आणि पायरी पायरीने खाली उतरतो. खालून वर चढणाऱ्या आपल्या आलापाच्या अगदी उलट. किरशेहिरचे नेशेत एर्ताश (1938–2012) यांच्या आवाजात ते ऐका. हंगेरीचा संगीतकार बेला बार्तोक 1936 मध्ये अदाना भागात मेणाच्या नळकांड्यांवर भटक्या युर्युकांची गाणी नोंदवायला गेला, तेव्हा त्याला हीच उतरती चाल दिसली, आणि ती हंगेरीच्या जुन्या लोकगीतांशी जुळते म्हणून तो हरखून गेला.

बाग्लामा घेताना लहान मानेचा की मोठ्या मानेचा, हे आधी ठरवा. अनातोलियातल्या अलेवी पंथाची भक्तिगीतं शिकायची असतील तर लहान मान, निरनिराळ्या प्रदेशांची लोकगीतं शिकायची तर मोठी मान. दोन्हींच्या तारा सुरात लावण्याची रीत वेगळी असते. अलेवींच्या जेममध्ये, म्हणजे धार्मिक मेळ्यात, जे गायलं जातं ती उपासना आहे. तिथे बसायला मिळालं तर फोन खिशात ठेवायचा, आणि काही नोंदवायचं असेल तर आधी विचारायचं.

मकाम आणि मुगाम यांच्याबद्दल मी मुद्दाम कमी लिहिते आहे, कारण ते माझं घर नाही. एवढं खात्रीने सांगते की शास्त्र आधी आणि गाणं नंतर हा क्रम तिथेही चालत नाही. शशमकोमचे सहा मकोम आहेत: बुझरुक, रोस्त, नवो, दुगोह, सेगोह, इरोक. त्यांची नावं आणि विभाग एका संध्याकाळी पाठ होतात. एका सराखबारचं, म्हणजे मकोमच्या गायनातल्या सुरुवातीच्या रचनेचं, गाणं उस्तादासमोर बसून नीट बसायला मोसम जातो. तुर्गुन अलिमातोव (1922–2008) यांचा तंबूर (लांब मानेचं तंतुवाद्य, आपला तानपुरा नव्हे) ऐका, एकेका सुरावर तो किती वेळ रेंगाळतो ते ऐका. ख्याल गाणाऱ्याला हे ऐकताना घरी आल्यासारखं वाटेल. अझरबैजानी मुगाम शिकायचा असेल तर अलिम कासिमोव ऐका. मात्र तिथलं ‘तार’ नावाचं तंतुवाद्य विकत घेण्याआधी थांबा: त्याच्यावर ताणलेलं कातडं बैलाच्या हृदयाभोवतीच्या पातळ आवरणाचं असतं, आणि आपल्या पावसाळ्यात ते सैल पडतं.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर लाकडाबद्दलही सांगते. ही वाद्यं कोरड्या हवेत वाढलेल्या लाकडांची आणि कोरड्या हवेसाठी बांधलेली असतात. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पुण्यात, आणि मुंबई-कोकणात तर त्याहून जास्त, लाकूड फुगतं, मान वाकते, वाद्याची वरची पातळ फळी उचलते. घट्ट बंद होणारी पेटी, आत सिलिका जेलच्या पुड्या, न वाजवताना तारा सैल, आणि भिंतीला वाद्य टांगायचं नाही. महागडं वाद्य पहिल्या वर्षी घेऊच नका. विद्यार्थ्यांचा साधा दोंबरा किंवा बाग्लामा पुरेसा आहे, आणि शिक्षकाच्या नजरेखालून गेलेलं वाद्य घेणं सगळ्यात चांगलं.

जुन्या पोथ्या वाचताना आणि जुनी ध्वनिमुद्रणं ऐकताना एक भान ठेवा. सोव्हिएत काळात या संगीताची मोठी नोंद झाली आणि त्याच वेळी त्याची मोडतोडही झाली. 1934 मध्ये अख्मेत झुबानोव यांनी कझाक लोकवाद्यांचा वाद्यवृंद उभा केला. त्यासाठी दोंबऱ्याचे पडदे पक्के केले गेले आणि समान अंतरांवर बसवले गेले, बांधलेल्या पडद्यांमधल्या जुन्या जागा गेल्या. त्या वाद्यवृंदामुळे दोंबरा घराघरांत टिकला, हेही तितकंच खरं. पण आज तुमच्या हातात येणारा दोंबरा हा त्या सुधारणेनंतरचा आहे, म्हणून जुन्या वादकांचा एखादा सूर तुमच्या पडद्यावर सापडणार नाही. तिथे आपला पडदा खरा मानू नका, जुनं ध्वनिमुद्रण खरं माना. शशमकोमचं पहिलं मोठं स्वरलेखन व्हिक्टर उस्पेन्स्की यांनी केलं आणि ते 1924 मध्ये छापलं गेलं, पण गझलांचे शब्दच त्यात नव्हते. शब्द बव्हंशी ताजिक होते आणि तेव्हाच्या भाषिक राजकारणात ते अडचणीचे होते, असं अभ्यासक सांगतात. पुढे ताजिकांनी आणि उझबेकांनी आपापल्या भाषांतले शब्द घालून वेगवेगळ्या आवृत्त्या काढल्या. कोणतीही आवृत्ती उघडलीत तर ती कोणी, कोणत्या शहरात आणि कोणत्या वर्षी काढली ते आधी बघा.

संग्रहांत शोधताना आणखी एक व्यावहारिक सूचना: 1925 च्या सुमारापर्यंतच्या रशियन कागदपत्रांत कझाकांना ‘किरगिझ’ म्हटलेलं असतं आणि खऱ्या किरगिझांना ‘कारा-किरगिझ’. झातायेविच यांचा 1925 चा हजार गाण्यांचा थोर संग्रह नावाने किरगिझांचा आहे, आतली गाणी कझाकांची आहेत. हे माहीत नसल्याने लोक चुकीच्या कपाटात महिनोन्‌महिने शोधत बसतात.

त्यावरून भाषा. कोणती शिकावी हे तुम्हाला काय व्हायचं आहे यावर ठरतं. वाजवायचं-गायचं असेल तर ज्यांचं संगीत त्यांची भाषा, दुसरा पर्याय नाही. तुर्कीला लॅटिन लिपी आहे, शिकण्याची साधनं मुबलक आहेत, आणि ती आली की अझरबैजानी बरीचशी उलगडते. कझाक तेवढ्याने उलगडत नाही. संशोधन करायचं असेल तर मध्य आशियासाठी वाचण्यापुरती रशियन हवीच, कारण विसाव्या शतकातलं बहुतेक लेखन त्या भाषेत आहे. तुम्ही पुण्यातच आहात, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियनचे वर्ग आहेत, त्याचा फायदा घ्या. नुसतं जाणकार श्रोता व्हायचं असेल, आणि तेही मोठं काम आहे, तर भाषेपेक्षा एकेका गाण्याचा शब्दशः अर्थ मिळवण्यावर वेळ घाला.

घरबसल्या शिकण्याबद्दल माझा अनुभव मिश्र आहे. डाव्या हाताची जागा, रचनेचा क्रम, शब्दांचे उच्चार संगणकाच्या पडद्यावरून शिकवता येतात. उजव्या मनगटाचं वजन शिकवता येत नाही, आणि तोक्पेमध्ये सगळं तिथेच आहे. आवाज दाबून पाठवणाऱ्या यंत्रणेत नादाचा पोत आधी मरतो, जो या संगीताचा प्राण. म्हणून पहिलं वर्ष घरून, आठवड्याला एक शिकवणी, आणि मग सलग काही आठवडे तिकडे, असं मी सुचवते. दिल्लीहून अल्माटी आणि ताश्कंदला थेट विमानं आहेत, प्रवास तीन-चार तासांचा आहे. अल्माटीत कुरमानगाझींच्या नावाची कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीताचं उच्च विद्यालय, आहे, लोकवाद्यांचं संग्रहालय आहे, आणि संध्याकाळी कोणाच्या तरी घरी दोंबरा निघतोच. शिक्षकांना ‘आगाय’ आणि शिक्षिकांना ‘आपाय’ म्हणा, नुसत्या नावाने हाक मारू नका. मानधन पहिल्याच भेटीत विचारा, तिथे पुष्कळजण संकोचाने आकडा सांगत नाहीत आणि तुम्हीही आपल्या सवयीने गप्प बसाल.

उइगुर मुकामाचं, म्हणजे उइगुरांच्या मकामपरंपरेचं, आकर्षण वाटलं, आणि वाटेलच, तर आज चीनमधल्या शिंजियांगमध्ये जाऊन मोकळेपणाने अभ्यास करता येत नाही. तिथल्या लोकसंस्कृतीच्या मोठ्या अभ्यासक राहिले दावूत 2017 मध्ये बेपत्ता झाल्या आणि त्यांना जन्मठेप झाल्याचं 2023 मध्ये बाहेर आलं. तिथे कोणाशी संपर्क केलात तर धोका तुम्हाला नसतो, त्यांना असतो. अल्माटीत उइगुरांची जुनी वस्ती आहे, त्यांचं स्वतःचं नाट्यगृह आहे. शिकायचं तर तिथे शिका, आणि कोणाचंही ध्वनिमुद्रण परवानगीशिवाय कुठेही टाकू नका.

आता तुमच्यापुरतं बोलायचं तर दोन रस्ते मला दिसतात. शब्द गायचे असतील तर मोठ्या मानेचा बाग्लामा, तुर्की भाषा, आणि पहिलं वर्षभर फक्त एका प्रदेशाची गाणी. किरशेहिर घ्या किंवा सिवास घ्या, जिथे आशिक वेय्सेल (1894–1973) होऊन गेले. दोन्ही एकदम नको. तुवाने जी ओढ लावली तीच खरी असेल, तर मोरचंगपासून सुरुवात, सोबत दोंबरा किंवा दोशपुलूर हे तुवन तंतुवाद्य, आणि गळ्याचं काम शिक्षकासमोर बसल्यावरच. ख्यालाचा रियाझ कोणत्याही रस्त्यावर थांबवू नका, फक्त दोन्हींच्या वेळा लांब ठेवा. सकाळी एक, संध्याकाळी दुसरं. ऐकायला सुरुवात करण्यासाठी आगा खान म्युझिक इनिशिएटिव्ह आणि स्मिथसोनियन फोकवेज यांनी मिळून काढलेली मध्य आशियाई संगीताची दहा खंडांची मालिका चांगली आहे. त्यातल्या एकाच खंडावर दोन-तीन महिने राहा. रस्ता ठरला की कळवा. कोणती जुनी मुद्रणं कोणत्या क्रमाने ऐकायची, हे तेव्हाच सांगता येईल.